कर वाढवायचा की बुडवलेला वसूल करायचा?

अमेरिकेत २०२२च्या महागाई कपात कायद्यात डेमोक्रॅट्सनी दोन्ही वाटा धरल्या. रिपब्लिकनांचं एकही मत मिळालं नाही.

करवाढ म्हणजे अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावणाऱ्या बड्या कंपन्यांना किमान १५ टक्के कर. बोजा शेवटी कामगारांवरच पडतो, हा रिपब्लिकनांचा आक्षेप.

वसुलीसाठी आयआरएस या करखात्याला दहा वर्षांत सुमारे ८० अब्ज डॉलर. छोट्या धंदेवाल्यांमागे ससेमिरा लागेल, ही भीती अगदीच पोकळ नाही. तरी मला हीच वाट जास्त न्याय्य वाटते. पगारदाराचा कर मालक परस्पर कापतो, उत्पन्नाचा आकडाही खात्याला कळवतो. लपवायला जागाच नाही. रोखीच्या धंद्यात ती भरपूर. २०२३मध्ये रिपब्लिकनांनी यातला बहुतेक निधी काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकी संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने हिशेब मांडला: वसुली घटून सरकारची तूट ११४ अब्ज डॉलरनी वाढेल.