नॅनोफायबर, यूएफ की आरओ: निवड करण्याआधी

नॅनोफायबरचा (अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीचा) फिल्टर घ्यावा की नेहमीचा यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी) किंवा आरओ (दाब देऊन विरघळलेले क्षारही वेगळे करणारा), असा प्रश्न असेल तर आधी पाण्याचा तपासणी अहवाल हातात घ्या. त्रास गढूळपणाचा आणि जंतूंचा असेल तर निवड नॅनोफायबर आणि यूएफ यांच्यातली. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट किंवा जास्तीचे क्षार पाण्यात विरघळलेले असतील तर हे दोन्ही कुचकामी. तिथे आरओ किंवा त्या घटकापुरतं खास माध्यमच लागतं.

नॅनोफायबरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज छिद्रांचा आहे. बरीचशी मेम्ब्रेन, म्हणजे गाळण्याचे पातळ पडदे, इलेक्ट्रोस्पिनिंगने बनतात. पॉलिमरच्या द्रावणाला साधारण १० ते ३० किलोव्होल्ट विद्युतदाब दिला की सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि तंतू एकमेकांवर वेडेवाकडे पडत जातात. तंतू काहीशे नॅनोमीटर जाडीचे असले, तरी त्यांच्यामधली छिद्रं बहुधा ०.१ मायक्रॉनपासून एखाद-दोन मायक्रॉनपर्यंत असतात (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). घट्ट विणीत जिवाणू अडकतात. पोलिओचा विषाणू मात्र जेमतेम ३० नॅनोमीटरचा, तो सहज निसटतो. यूएफची छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉन, त्यामुळे विषाणूंच्या बाबतीत यूएफ उजवं.

मग नॅनोफायबर घ्यायचं कशासाठी? प्रवाहासाठी. या जाळीत बऱ्याचदा ८० टक्क्यांहून जास्त जागा मोकळी असते आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे पंप नसताना, नुसत्या उंचीच्या दाबावरही पाणी चांगलं वाहतं. तरीही प्रति चौरस मीटर प्रवाहाच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. यूएफच्या पोकळ तंतूंमुळे छोट्याशा नळकांड्यात बरंच क्षेत्रफळ मावतं, म्हणून तुलना करायची ती पूर्ण कार्ट्रिजची.

टिकाऊपणात यूएफ सरळ पुढे आहे. उलट दिशेने पाणी सोडून ते पुन्हा पुन्हा धुता येतं. नॅनोफायबरचा थर पातळ असतो. दाबाखाली तो चेपतो, प्रवाह घटतो, आणि आधाराच्या कापडाला नीट चिकटवलेला नसेल तर धुताना सुटतो. गाळ आतल्या जाळीत शिरला की निघणंही कठीण. विक्रेत्याकडे नव्या फिल्टरच्या प्रवाहाबरोबर बराच काळ वापरलेल्या फिल्टरचाही आकडा मागा.

आणखी एक आकडा नक्की मागा: सर्वांत मोठ्या छिद्राचा. सरासरी ०.३ मायक्रॉन असून काय उपयोग, जंतू तर मोठ्या छिद्रातूनच जाणार! तपासणी सोपी आहे. मेम्ब्रेन पूर्ण भिजवून एका बाजूने हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. पहिला बुडबुडा सर्वांत मोठ्या छिद्रातून येतो आणि त्या वेळच्या दाबावरून त्याचा आकार काढता येतो. ही चाचणी न केलेला माल मी तरी पिण्याच्या पाण्यासाठी घेणार नाही.

धनभारित ॲल्युमिना तंतूंचे फिल्टर हा वेगळा प्रकार. ते विषाणूंना विद्युतभाराने ओढून धरतात, त्यामुळे छिद्रं मोठी असली तरी चालतं. पण ही क्षमता संपते, आणि पाणी जास्त अल्कधर्मी असेल किंवा त्यात सेंद्रिय द्रव्यं भरपूर असतील तर पकड ढिली पडते.

आरओला दाब लागतो आणि त्यातून काही पाणी वाया जातं. समुद्राच्या पाण्याला साधारण ५५ ते ७० बार द्यावे लागतात. पाण्यात क्षार कमी असताना हा खटाटोप कशाला?

वीज नाही, पाणी गढूळ आहे आणि माणसं पुष्कळ आहेत, अशा ठिकाणी माझी पसंती नॅनोफायबर आणि त्यानंतर क्लोरिन या जोडीला. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी क्लोरिनला दाद देत नाही, पण ४ ते ६ मायक्रॉनचा असल्याने घट्ट विणीच्या जाळीत अडकतो. जाळीतून सुटलेल्या बहुतेक विषाणूंचा बंदोबस्त क्लोरिन करतं. ते गाळल्यानंतरच घाला: गढूळ पाण्यात बरंचसं वाया जातं, आणि जाळी नायलॉनची असेल तर क्लोरिनने तंतूही खराब होतात.