शॉपसाठी ॲप्रेंटिस: सरकारी आयटीआय की ट्रस्टची संस्था?

पुण्यात धायरीला माझ्या एका मित्राचं पावडर कोटिंगचं काम आहे. होळीला गावी गेलेले त्याचे दोन हेल्पर परत आलेच नाहीत, तेव्हा त्याचा फोन आला. "आयटीआयची पोरं घ्यावी म्हणतोय. तू दोन्हीकडून घेतलीस ना? मग सांग, सरकारीत जाऊ की त्या ट्रस्टवाल्यांकडे?" मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि रात्री जेवताना वाटलं, अर्धवटच सांगितलं. म्हणून हे सविस्तर.

माझं नऱ्ह्यात फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. मला धरून नऊ माणसं. गेट, शेड, मशीनचे गार्ड, सोसायट्यांच्या जिन्यांचे रेलिंग. गेली सहा वर्षं दोन संस्थांशी येणं-जाणं आहे. नावं घेत नाही, कारण अनुभव माझ्या एकट्याचा आहे आणि दोन्हीकडे राबणारी माणसं आहेत. एक सरकारी आयटीआय, जुनी, मोठ्या आवाराची, आमच्यापासून लांब. दुसरी ट्रस्टची, दुचाकीवर पंधरा मिनिटं. अर्थात नवले पुलावर अडकला नाहीत तर.

ट्रेड, मुदत, परीक्षा यांत शिरत नाही. फिटर दोन वर्षांचा आणि वेल्डर एका वर्षाचा, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते संस्था आपल्या गेटाबाहेरच्या माणसाशी कशी वागते याबद्दल, कारण आपण सगळे गेटाबाहेरचेच.

ज्यांच्याकडे ३० किंवा जास्त माणसं आहेत त्यांना कायद्याने ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. आपण ४ ते २९ वाले. आपल्याला ते ऐच्छिक आहे. त्यामुळे होतं काय, की संस्थेची माणसं पिंपरी, भोसरी, चाकणच्या मोठ्या गेटांवर जातात आणि आपल्याकडे कुणी फिरकत नाही. जायचं आपणच. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. शिवाय २०२२ च्या नव्या अभ्यासक्रमात वर्षाला १५० तास जवळच्या उद्योगात प्रत्यक्ष काम ठेवलंय, आणि तशी सोय नसेल तिथे गटाने प्रकल्प करायचा. 'जवळचा उद्योग' म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी कंपनी येते. पण नऱ्हे-आंबेगावच्या गल्ल्यांमधली आपली शेडसुद्धा उद्योगच आहे की.

आधी ट्रस्टच्या संस्थेबद्दल, कारण तिथे कौतुक करण्यासारखं खरोखर बरंच आहे. वेल्डिंगची मशीनं नवी, टिगसकट (टिग म्हणजे बारीक, नाजूक कामाचं वेल्डिंग). फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटते. फोन पहिल्या रिंगला उचलतात. संध्याकाळी वस्तीतल्या बायकांसाठी शिवणाचे वर्ग चालतात, आणि ते नावापुरते नाहीत. माझी वहिनी तिथेच शिकली. आज घरी ब्लाउज शिवून स्वतःचा खर्च स्वतः भागवते. गणपतीत पोरं विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला उभी असतात. रविवारी कधीतरी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात दुरुस्ती शिबिर लावतात; मिक्सर, इस्त्री, पंखे, सगळं फुकट. आईचा मिक्सर तिथेच नीट झाला. फक्त झालेला मिक्सर हातात धरून तिला तीनदा फोटोला उभं केलं, दोनदा बॅनर नीट येईना म्हणून. ती म्हणाली, "एवढे फोटो तर लग्नात नव्हते काढले." पण मिक्सर चालतोय, हे खरं.

आमचा सामंजस्य करारही झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्याची फ्रेम कॉम्प्रेसरच्या वर टांगलीय. तिच्यावर काळं साठतं आणि दर खंडेनवमीला ती पुसली जाते.

आता सरकारी. पहिल्यांदा गेलो तेव्हा वॉचमनने वही पुढे केली. नाव, गाव, गाडी नंबर, 'कामाचे स्वरूप'. मी लिहिलं 'भेट'. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दीड तास बसलो, मग कळलं की अर्ज दोन प्रतींत लागतो. दुसऱ्या खेपेला प्रती होत्या, साहेब मुंबईला. तिसऱ्या खेपेला काम झालं. काही जागा रिकाम्या, एकच निदेशक दोन बॅचेस सांभाळतो, फेब्रुवारी संपता संपता वेल्डिंगच्या रॉडची चणचण. लेथ माझ्यापेक्षा वयाने मोठा असावा. वस्तीत शिबिर-बिबिर काही नाही. फळ्यावर सूचना लावली की बाहेरच्या जगाला कळवून झालं, अशी पद्धत.

पण त्याच वर्षी खंडेनवमीला वेल्डरच्या सरांनी बोलावलं म्हणून गेलो. सगळं शॉप धुऊन काढलेलं, लेथला झेंडूच्या माळा, हातोड्या-कानशी ओळीने मांडून हळदीकुंकू लावलेलं. गेट सताड उघडं. शेजारच्या गॅरेजवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, मागच्या बॅचचे पाचसहा जण, कुणी बायको-पोरं घेऊन आलेलं. कुणीही येतं, पेढा घेतं, मशीनवरून हात फिरवतं. तिथे मला माझ्याच स्पर्धकाच्या शॉपमधला एक हेल्पर भेटला, त्यांचाच जुना विद्यार्थी. बॅनर नव्हता. फोटो कुणीतरी काढला असेल, मला माहीत नाही.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. वेल्डरची पोरं वर्षभर पट्ट्या जोडतात, सर तपासतात, मार्क देतात, मग तो 'जॉब' भंगारात जातो. सगळीकडे हेच चालतं. या सरांनी प्राचार्यांची परवानगी काढून शेजारच्या शाळेची मोडकी बाकं आवारात आणवली आणि 'फिलेट जॉइंट', म्हणजे काटकोनातले जोड, त्या बाकांच्या पायांवर करून घेतले. शाळेचं काम झालं, पोरांचा सराव झाला. वर्गातलं कुणीतरी आपल्या जोडावर बसणार हे कळल्यावर पोरं स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, नीट झाडायला लागली. हे मला त्यांनी हसत हसत सांगितलं. माझ्या शॉपमध्ये आलेल्या त्यांच्या पोरांच्या हाताला ही सवय अजून आहे.

यावरून पाबळ आठवतं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या पोरांना गावाची कामं करत करत शिकवायचं, हा तिथला पाया: जमिनीखालचं पाणी शोधायची मोजणी, घुमटाकार घरं, वेल्डिंग, शेती, कोंबड्या. गावाला सेवा मिळते, पोरगं शिकतं. मी एकदा तो घुमट बघायला म्हणून गेलो होतो, त्याचे सांधे कसे केलेत ते बघायचं होतं. परत येताना डोक्यात सांधे कमी आणि ती पद्धतच जास्त होती. तो मामला वेगळा आहे, निवासी आहे, त्याची आपल्या दोन संस्थांशी बरोबरी करत नाही. पण तेव्हापासून कुठलीही संस्था बघितली की मनात येतं, इथल्या पोरांच्या हातचं काम कुणाच्या उपयोगी पडतंय का?

आता मूळ मुद्दा, ज्यावरून माझं ठरलं.

ट्रस्टच्या संस्थेतून एक पोरगा घेतला होता. हात सुरेख. दोन महिने झाले आणि एका सोमवारी आला नाही. मंगळवारी नाही. फोन बंद. संस्थेच्या प्लेसमेंट सेलला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला, नेहमीसारखा. करारावर सही करणाऱ्या मॅडम सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेलेही गेले होते. तिसऱ्या मॅडम होत्या, अतिशय गोड बोलल्या. माझं शॉप काय करतं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, ती बॅच पास आउट झालीये ना. आमच्याकडे क्लोज दाखवतंय." मी म्हटलं, "मॅडम, बॅच बंद झाली असेल, पोरगा चालू आहे हो." त्यांनी नोंद करून घेतली. संध्याकाळी मेलवर फॉर्म आला: आमच्या विद्यार्थ्याबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच.

पोराचं काय झालं ते मला दीड महिन्याने चहाच्या टपरीवर कळलं. बाप मार्केट यार्डात हमाल, पडून पाय मोडला. पोरगा त्याच्या जागी पाठीवर पोती वाहत होता. मला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर दुपारनंतर बोलावलं असतं, थोडी उचल दिली असती. दीड महिन्यानंतर तो लाजेने आलाच नाही. टिगवर इतका चांगला हात मी नंतर बघितलेला नाही.

पुढच्या वर्षी सरकारीतला एक पोरगा, वेल्ह्याकडचा, असाच चार दिवस गायब. शनिवारी रात्री साडेआठला सरांच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, जेवत असावेत. "शेठ, उद्या बघतो." रविवारी ते स्कूटर काढून कात्रजला गेले. पोरगा पाच जणांच्या खोलीत काविळीने आडवा झाला होता. त्याच्या घरी कळवलं, भाऊ येऊन घेऊन गेला. सोमवारी सकाळी मला फोन: "शेठ, तीन आठवडे धरा. जागा ठेवा त्याची." ठेवली. तो आज माझ्याकडे पगारी वेल्डर आहे आणि नवीन पोरांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडतो.

मित्र म्हणाला, हा एका चांगल्या माणसाचा गुण झाला, संस्थेचा कसला? अर्धं बरोबर आहे त्याचं. सरांच्या शेजारच्या शॉपमधले निदेशक फोन उचलत नाहीत, हेही मला माहीत आहे. पण माझा अंदाज असा, चुकतही असेन, की सरकारीत ज्याने शिकवलं तो माणूस पाच-सात वर्षांनीही शोधला तर सापडतो, बहुतेक त्याच बाकाशी. ट्रस्टकडे शिकवणारे करारावर, पगार बेताचे, बरं मिळालं की जातात. त्यात त्यांना दोषही देता येत नाही. आणि आपण थेट त्यांच्याशी बोलायचं नाही, सेलमधून जायचं. सेल म्हणजे संस्थेने बाहेरच्या जगासाठी ठेवलेली चकचकीत खिडकी. खिडकीत माणूस बदलत राहतो.

सरकारीची चकचकीत बाजूही आहे, म्हणजे कागदावर. २००७-०८ पासून देशातल्या १२२७ सरकारी आयटीआयना उद्योगाच्या भागीदारीसाठी अडीच-अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि व्यवस्थापन समित्यांवर उद्योजक बसवले गेले. त्या खुर्च्यांवर आपल्यासारखा नऊ माणसांचा शेठ माझ्या तरी बघण्यात नाही. त्यामुळे ते सोडून द्या.

ट्रस्टकडे कुणी जावं? ज्यांना आठ दिवसांत माणूस हवाय, ज्यांच्याकडे एचआरचा माणूस आहे आणि त्याला फॉर्म भरायची हौस आहे, ज्यांना घरातल्या बाईमाणसाला संध्याकाळी काहीतरी शिकवायचंय. त्यांनी डोळे झाकून जावं. मीही दुरुस्ती शिबिराला मदत करतो, मांडवाला एक्स्टेन्शन बोर्ड माझ्याच शॉपमधून जातो. करारही मोडलेला नाही. नुसता पोरगा मागायचा म्हटलं की पाय लांबच्या गेटाकडे वळतात, त्या तीन खेपा आठवूनसुद्धा.

एक धाकधूक आहे. सरांची बदली कधीही होऊ शकते, सरकारी नोकरीच ती. मग मी कुणाला फोन करीन, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर तेवढे लिहून ठेवलेत.

मित्राला सरांचा नंबर दिलाय. तुम्हीही जाणार असाल तर अर्ज दोन प्रतींत न्या, शॉप ॲक्टची झेरॉक्स जोडा, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा. आणि गेटवरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' मध्ये 'भेट' लिहू नका. 'वेल्डर सरांकडे' असं लिहा, म्हणजे वॉचमन थेट मागच्या शेडची वाट दाखवतो.