पुखराज, ज्योती, सूर्या: लागवडीपासून अरणीपर्यंत बटाट्याच्या कुजीचा अनुभव

कुफरी पुखराज, कुफरी ज्योती आणि कुफरी सूर्या ही बटाट्याची तिन्ही वाणं मी गेल्या रब्बीत एकाच रानात शेजारी शेजारी लावली. नोव्हेंबरात लागवड, फेब्रुवारीअखेर काढणी आणि माल थेट अरणीत, म्हणजे रानातच झाकून ठेवलेल्या बटाट्याच्या ढिगात, पावसाच्या तोंडापर्यंत. उताऱ्याचं सगळेच सांगतात. मी कुजीचं सांगतो, कारण आमच्या पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेड पट्ट्यात रब्बीच्या बटाट्याचा पैसा अरणीतच होतो आणि अरणीतच जातो.

बेणं विकताना ‘रोगाला चिवट’ म्हणतात, ते बहुतेक वेळा करप्याबद्दल असतं. ज्योती १९६८ साली आली तीच मुळी उशिराच्या करप्याला तोंड देणारी म्हणून, आणि पुढे तिची ती ताकद ओसरली. पुखराज लवकर येणाऱ्या करप्यात बरं टिकतं. सूर्या २००६ सालचं. त्याचा गुण म्हणजे रात्रीचं तापमान २० अंशांपर्यंत असलं तरी ते बटाटा धरतं. पान वाचवणं वेगळं आणि मातीतल्या बटाट्याची कूज रोखणं वेगळं. बेणं घेताना ‘कोणत्या रोगाला चिवट?’ एवढं नक्की विचारा. मी विचारलं, तर दुकानदाराकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात वाईट रोग बांगडी, म्हणजे जिवाणूमुळे येणारी मर. आपल्या मातीत तो जुनाच. भारतातली त्याची पहिली नोंद १८९२ ची आणि ती पुणे जिल्ह्यातली. हिरवंगार झाड पान पिवळं न पडता भर दुपारी मान टाकतं. बटाटा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं दिसतं, दाबलं की त्यातून पांढरट चिकट पाणी येतं. शंका आली तर खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. बांगडी असेल तर दुधासारखे धागे खाली उतरतात. माझ्या रानाच्या खालच्या अंगाला पाणी रेंगाळतं, तिथं तिन्ही वाणांची झाडं गेली. पुखराज आधी बसलं, ज्योती मागोमाग, आणि सूर्याही वाचलं नाही. यात वाणाला दोष देण्यात अर्थ नाही. बांगडीपासून पुरतं वाचेल असं वाण आपल्याकडच्या नेहमीच्या लागवडीत नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या फुरेजा जातीच्या बटाट्यातून हा गुण आणण्याचे प्रयत्न झाले, पण जमीन तापली की तो ढिला पडतो.

आफ्रिकेत रवांडा-बुरुंडीकडे क्रूझा १४८ हे वाण बांगडी सोसतं म्हणून पसरलं. मला त्यातली मेख महत्त्वाची वाटते. झाड उभं राहतं, बटाटा वरून स्वच्छ दिसतो, पण आत जिवाणू असतात आणि बेण्याबरोबर ते दुसऱ्याच्या रानात जातात. म्हणून ज्या रानात एकही झाड मान टाकताना दिसलं, तिथला बटाटा कितीही देखणा असला तरी बेण्याला ठेवायचा नाही, शेजाऱ्यालाही द्यायचा नाही.

वाणावाणांतला खरा फरक मला अरणीत कळला. पुखराजची साल नाजूक. पाला कापून दहा-पंधरा दिवस बटाटा मातीतच ठेवला, तरी काढताना काही ठिकाणी साल सोलपटलीच, आणि एप्रिलच्या उन्हात पहिला वास त्याच अरणीतून आला. एक बटाटा पाणी सोडू लागला की आजूबाजूचे चार घेऊन बसतो. ओली कूज जखमेतून शिरते, तशीच सालीवरच्या बारीक छिद्रांतूनही. काढणीच्या आधी रान ओलं राहिलं तर ती छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांसारखी फुगतात. असा माल अरणीत घालूच नये. ज्योती बरीच बरी निघाली, पण मे महिन्यात निवडताना तिच्यात डोळ्यांभोवती काळे पडलेले बटाटे सापडले, कापले तर आत राखाडी-काळे डाग. ही कोळशी कूज. तिची बुरशी मातीतलीच, आणि जमीन तीस अंशांच्या वर तापली की ती जोर धरते. म्हणून भाव चढेल या आशेनं तयार बटाटा मार्चभर मातीत ठेवणं मला पटत नाही.

सूर्याची साल घट्ट बसली होती, बटाटा कडक राहिला आणि निवडून फेकावा लागलेला माल तिन्हींत सर्वांत कमी निघाला. हे एका रानाचं, एका उन्हाळ्याचं आहे, पण पुढच्या रब्बीत अरणीसाठी मी सूर्याच धरणार.

खवडा आणि काळी खपली हे सालीवरचे रोग तिन्हींवर थोडे होते. त्यासाठी बेणं शीतगृहात ठेवण्याआधी तीन टक्के बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून सुकवतात, ते पुरेसं आहे.

बांगडीच्या रानात वाण बदलण्यापेक्षा फेरपालट कामाला येते. इथंच आपल्याकडे अडतं. नारायणगावची बाजारपेठ जवळ, त्यामुळे बटाट्यानंतर टोमॅटो, नाहीतर वांगं-मिरची, आणि ही सगळी त्याच जिवाणूची खाद्यं. दोन-तीन वर्षं मका, गहू, ज्वारी घेतली तर रोग उतरतो, पण टोमॅटोचा पैसा सोडवत नाही हे मलाही ठाऊक आहे. उन्हाळी खोल नांगरट, सरीत खताबरोबर हेक्टरी १२ किलो ब्लीचिंग पावडर आणि बेणं न कापता अख्खं लावणं, एवढं तरी कराच. एक रोगट बटाटा कापलेल्या सुरीनं पुढचं बेणं नासतं.

काढणीनंतर आठवड्यात विकणार असाल तर पुखराज घ्या, लवकर येतं आणि उतारा चांगला. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ज्योतीच हवी असेल तर ती एप्रिलच्या आत विकून टाका. मेपर्यंत थांबायचं असेल तर सूर्या, तेही पाणी न साचणाऱ्या रानातलं. माझा खालचा तुकडा यंदा मक्याला दिलाय.