ओळखपत्रावर रंग चांगला यावा म्हणून: थेट छपाई की रिट्रान्सफर?

कार्ड प्रिंटर घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रंग कशात चांगला येतो? माझं मत आधीच सांगतो. निव्वळ चेहऱ्याच्या रंगासाठी थेट कार्डावर छापणारा डाय-सब्लिमेशन (उष्णतेने रंग प्लास्टिकात उतरवणारा) प्रिंटर पुरेसा आहे. कार्डात चिप असेल किंवा डिझाइनचा रंग अगदी कडेपर्यंत न्यायचा असेल, तर मात्र रिट्रान्सफरचा, म्हणजे आधी फिल्मवर छापून ती कार्डावर चिकटवणाऱ्या प्रिंटरचा, जादा खर्च सार्थकी लागतो.

थेट छपाईत प्रिंटहेड (तापणाऱ्या बारीक बिंदूंची पट्टी) रिबनला, म्हणजे रंगाच्या फितीला, कार्डावर दाबून धरतं. रिबनवर पिवळा, मॅजेंटा (किरमिजी), सायन (निळसर), मग काळा आणि शेवटी पारदर्शक ओव्हरले (संरक्षक थर) असे पट्टे ओळीने येतात. पहिले तिन्ही रंग उष्णतेने पीव्हीसीच्या (कार्डाच्या प्लास्टिकच्या) वरच्या थरात शिरतात, आणि उष्णता कमी-जास्त होईल तशी छटा फिकी-गडद होते. म्हणून 300 डीपीआयलाही (इंचाला 300 ठिपके) गालावरची सावली ठिपके न दिसता सलग उतरते.

पण सगळा खेळ कार्डाच्या पृष्ठभागाशी नीट टेकण्याचा. धुळीचा कण आला की पांढरा ठिपका. चिपभोवती पृष्ठभाग किंचित उंचसखल असतो, तिथे रंग तुटतो. कडेला बारीक पांढरी किनार राहते. प्रिंटहेडचा एखादा बिंदू निकामी झाला, तर प्रत्येक कार्डावर त्याच जागी सरळ पांढरी रेघ येते.

रिट्रान्सफरमध्ये चित्र आधी पारदर्शक फिल्मवर उलटं छापलं जातं आणि मग उष्णता व दाब देऊन ती फिल्म कार्डावर चिकटवली जाते. प्रिंटहेड कार्डाला लागतच नाही, त्यामुळे चिपचा उंचवटा फारसा आड येत नाही, रंग कडेपर्यंत जातो आणि पॉलिकार्बोनेटसारख्या वेगळ्या प्लास्टिकची कार्डंही चालतात. काही यंत्रं 600 डीपीआय देतात, त्याचा फायदा बारीक अक्षरांत दिसतो. चेहऱ्यात तितका नाही. बदल्यात यंत्र महाग, वेग सहसा कमी, आणि रिबनसोबत फिल्मचाही खर्च.

इंकजेट हा तिसरा, स्वस्त मार्ग. त्याला शाई धरणारा लेप दिलेली खास कार्डं लागतात, आणि वर संरक्षक थर नसेल तर पाण्याने व घासण्याने छपाई बिघडते. रोजच्या वापराच्या ओळखपत्रांसाठी मी तो सुचवणार नाही.

आता जे दोन्ही यंत्रांत सारखंच लागू आहे आणि ज्यावर खरा रंग ठरतो, ते म्हणजे फाइल. पडदा स्वतः उजळतो, कार्ड उजळत नाही. म्हणून पडद्यावर ठीक वाटणारा सावळा चेहरा कार्डावर काळवंडतो. त्यावर फोटोतच मधल्या छटा थोड्या उजळाव्यात. ड्रायव्हरमधली (संगणकावरच्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) उष्णता वाढवून किंवा सगळे रंग ताणून हे साधत नाही, उलट सावल्या आणखी भरून येतात. फोटो एसआरजीबीत (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेवा, छपाईच्या रंगांत बदलण्याचं काम ड्रायव्हरला करू द्या. 25 बाय 30 मिलिमीटरच्या फोटोला 300 डीपीआयवर साधारण 295 बाय 354 पिक्सेल लागतात. त्याहून लहान फोटो ताणला की त्वचेवर चौकोन उमटतात.

काळ्याकडे विशेष लक्ष द्या. तीन रंग मिसळून झालेला काळा तपकिरी किंवा हिरवट दिसू शकतो. मजकूर आणि बारकोड काळ्या पट्ट्यातूनच जाईल असं ड्रायव्हरमध्ये ठरवून घ्या, फोटोतला काळा मात्र तीन रंगांतूनच येऊ द्या. बारकोडच्या बाबतीत ही केवळ नजरेची गोष्ट नाही: इन्फ्रारेड स्कॅनरला मिश्र काळा बहुधा वाचताच येत नाही.

कार्डं कडेने धरा. रिबन बदलताना दर वेळी क्लीनिंग कार्ड (प्रिंटर आतून पुसणारं कार्ड) फिरवा. थेट छपाईची कार्डं मऊ व्हिनाइलच्या पाकिटात ठेवत असाल, तर ओव्हरले कधीही वगळू नका, कारण त्या पाकिटातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) रंग ओढून घेतं आणि चेहरा पुसट होतो.

निवड अडलीच, तर विक्रेत्याच्या नमुना कार्डावर विसंबू नका. ते बहुधा रंगीबेरंगी फुलांचं किंवा गोऱ्या चेहऱ्याचं असतं. तुमची स्वतःची फाइल, त्यात एक सावळा आणि एक उजळ चेहरा, करडा पट्टा आणि बारकोड, तुमच्याच चिपवाल्या कार्डावर दोन्ही यंत्रांतून छापून मागा, आणि कार्ड जिथे तपासलं जाणार आहे तिथल्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा.