पाळतीच्या कायद्याविरुद्ध कोर्टात लढावं की तो होण्याआधीच अडवावा?

युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशामुळे (सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या नियमामुळे) कोण कोणाशी, कधी, कुठून बोललं याच्या नोंदी ६ ते २४ महिने साठवणं फोन-इंटरनेट कंपन्यांना भाग पडलं. ‘डिजिटल राइट्स आयर्लंड’ ही संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेली. ८ एप्रिल २०१४ ला युरोपीय न्यायालयाने अख्खा निर्देशच अवैध ठरवला. विजय मोठा, पण तोवर कित्येक वर्षं निरपराध माणसांच्या नोंदी साठत राहिल्या. ते नुकसान कुठला निकाल भरून देणार?

ब्रिटनमध्ये पाळतीचं विधेयक आधीच अडलं: कार्यकर्त्यांनी रान उठवलं, तेव्हाचे उपपंतप्रधान निक क्लेग यांनी पाठिंबा नाकारला आणि २०१३ मध्ये ते बारगळलं. २०१६ च्या कायद्यातून मात्र त्यातले बरेच अधिकार परत आले.

म्हणून मला कोर्टाचीच वाट जास्त भरवशाची वाटते, उशीर होत असला तरी. निकाल पुढच्या सरकारांनाही सहजी ओलांडता येत नाही.