स्कोडा कोडिएकने कॅराव्हॅन ओढताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी कोडिएक, पहिली पिढी, २.० टीडीआय (डिझेल), १५० पीएस, फोर बाय फोर, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मागे एका एक्सलची (चाकांच्या एकाच जोडीची), चार बर्थची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर. वापर बहुतेक उत्तर इंग्लंडमध्ये.

"ही गाडी ही कॅराव्हॅन ओढेल का?" असं इथली मराठी मंडळी विचारतात तेव्हा हातात ब्रोशरमधला टोइंगचा (मागे ओढता येणाऱ्या वजनाचा) आकडा असतो. तो आकडा एवढंच सांगतो की तेवढं वजन मागे असताना भरलेली गाडी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागची हलते. ताशी ६० मैलांवर शेजारून ट्रक गेल्यावर कॅराव्हॅन डुलेल की सरळ राहील, ते त्यावरून कळत नाही. ते ठरतं वजनाच्या प्रमाणावर आणि सामान कसं भरलंय त्यावर.

आधी प्लेट वाचा. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चार आकडे असतात: भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, गाडी आणि कॅराव्हॅन मिळून कमाल मर्यादा, मग पुढच्या आणि मागच्या एक्सलवरचा कमाल भार. दुसऱ्यातून पहिला वजा करा. गाडी पूर्ण भरलेली असताना तेवढंच ओढता येतं. दुसरा आकडाच नसेल तर त्या गाडीचा विचार सोडा. कोडिएकमध्ये पाच आणि सात आसनी, टू व्हील आणि फोर व्हील ड्राइव्ह यांचे आकडे वेगवेगळे आहेत. म्हणून सेकंडहँड घेताना जाहिरातीवर विसंबू नका, समोर उभ्या असलेल्या गाडीचीच प्लेट बघा.

आमच्या गाडीचं कर्ब वेट, म्हणजे सामानाशिवायचं वजन, साधारण १,७५० किलो, कॅराव्हॅनची कमाल मर्यादा १,४२० किलो. म्हणजे ८१ टक्के. नवख्यांनी ८५ टक्क्यांच्या आत राहावं, असा इथला रूढ सल्ला आहे. तो कायदा नव्हे, पण पाळावा असाच आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी मिळाली; लायसन्स चालतं म्हणून जोडी जुळते असं मात्र नाही. या प्रमाणात कोडिएक ठाम चालते. ३४० न्यूटन मीटर टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे एम६२ मोटरवेवर पेनाइन्सचे डोंगर चढताना इंजिन ओरडत नाही. आडवा वारा असला की मात्र वेग ५०वर आणावाच लागतो.

खरी ओढाताण होते ती कॅराव्हॅनच्या पेलोडमध्ये, म्हणजे सामानासाठी उरणाऱ्या वजनात. आमच्या कॅराव्हॅनचं रिकामं वजन १,२७०, कमाल १,४२०. हाताशी १५० किलो. त्यातले मोटर मूव्हरचे (सोडवलेली कॅराव्हॅन हलवणाऱ्या मोटरचे) ३०, बॅटरीचे २३, ऑनिंगचे (बाहेरून जोडायच्या तंबूचे) २५, भरलेल्या गॅस सिलिंडरचे १५ गेले. उरले ५७. त्यात भांडीकुंडी, अंथरुण-पांघरुण, खुर्च्या, पाण्याचा कॅन. कुकर आणि तांदळाचा डबा गाडीतच ठेवा.

नोजवेट, म्हणजे टोबॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅराव्हॅन अडकते त्यावर) पडणारा उभा भार, भरलेल्या कॅराव्हॅनच्या ५ ते ७ टक्के हवा. १,४२० किलोला ७१ ते ९९ किलो. पण गाडी, टोबार (तो गोळा धरणारा दांडा) आणि कॅराव्हॅनचा हिच (गोळ्यावर बसणारी कडी) या तिघांत ज्याची मर्यादा सर्वात कमी, तीच तुमची मर्यादा. भार कमी पडला की कॅराव्हॅन शेपटी हलवायला लागते. जास्त झाला की गाडीचं मागचं टोक बसतं आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. जड सामान एक्सलच्या वर, जमिनीलगत. ऑनिंग मागच्या लॉकरमध्ये टाकण्याची चूक सगळेच एकदा करतात. हा भार गाडीच्या पेलोडमध्येही धरला जातो. शिवाय तिसऱ्या रांगेत माणसं बसवली तर मागच्या एक्सलचा आकडा बघता बघता ओलांडला जातो.

सर्वात जास्त मनस्ताप वायरिंगने दिला. टोबार बसवणाऱ्याने स्वस्तातलं युनिव्हर्सल किट लावलं. दिवे लागले, पण रिव्हर्स घेताना मागचे सेन्सर सतत कोकलत आणि ईएसपीला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, ट्रेलर जोडल्याचा पत्ताच नव्हता, म्हणजे डुलणं सावरणारी यंत्रणा बंदच. कॅराव्हॅनचा फ्रिजही चालता चालता थंड होत नव्हता, कारण गाडीची वीज कॅराव्हॅनला देणाऱ्या १३ पिनी सॉकेटमधल्या ९ आणि १० नंबरच्या पिनांना पुरवठाच जोडलेला नव्हता. गाडीसाठीचं डेडिकेटेड किट बसवून, कोडिंग (गाडीच्या संगणकात टोबारची नोंद) करून घेतल्यावर तिन्ही गोष्टी सुटल्या. कोटेशनमध्ये 'डेडिकेटेड', 'कोडिंगसह' आणि '९ व १० पिना चालू' हे तिन्ही लिहून घ्या.

अल्को स्टॅबिलायझर (कॅराव्हॅनचं डुलणं रोखणारा हिच) असेल तर टोबॉलवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने काढून बॉल ब्रेक क्लीनरने पुसा. ग्रीस अजिबात लावू नका. स्टॅबिलायझर घर्षणाच्या पॅडवरच चालतो, आणि पॅडला तेल लागलं की ते बदलावेच लागतात. नवा बॉल पहिल्या काही फेऱ्यांत वळणावर करकरतो, तो पुसला की थांबतो.

डीएसजीबद्दल एक इशारा. चढावर कॅराव्हॅन इंच इंच मागे सरकवत बसलात की क्लच तापून जळका वास येतो. तिथे कॅराव्हॅन सोडवून मूव्हर वापरा. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) हे जास्त सहन करते. ज्यांची कॅराव्हॅन उभी करायची जागा उतारावर आहे त्यांनी त्याचाच विचार करावा. नॉर्थ यॉर्कशरमधल्या सटन बँक टेकडीचा १:४ चढ तर कॅराव्हॅनला बंदच आहे, तेव्हा सॅटनॅव्हवर भरवसा न ठेवता वाट आधी नकाशावर बघा.

डिझेल मोकळ्या गाडीच्या जवळपास दीडपट लागतं. इलेक्ट्रिक गाडीबद्दल बरेच जण विचारतात. ह्युंदाई आयोनिक ५ (मोठ्या बॅटरीची) आणि टेस्ला मॉडेल वाय यांना १,६०० किलोची मान्यता आहे, ओढायलाही त्या जोरकस आहेत. पण रेंज साधारण निम्म्यावर येते आणि बहुतेक चार्जरपाशी कॅराव्हॅन सोडवून बाजूला लावावी लागते. दीडशे मैलांच्या आत फिरणाऱ्यांना जमेल. दूर नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला मुलाबाळांसह निघायचं असेल तर अजून डिझेलच.