क्लॅट की सीईटी: 120 मिनिटं जातात कुठे?

बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी दोन प्रवेश परीक्षा: राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट आणि महाराष्ट्राची एमएच सीईटी. दोन्हींना आता 120 प्रश्न आणि 120 मिनिटं. त्यामुळे एकाच तयारीत दोन्ही निघतील असं वाटतं. तसं होत नाही.

एमएच सीईटीत कायदा 32, तर्क 32, इंग्रजी 24, सामान्य ज्ञान 24 आणि गणित 8. प्रश्न बहुतेक सुटे; चुकला तर एकच जातो. क्लॅटमध्ये साडेचारशे शब्दांच्या घरातले उतारे आणि प्रत्येकाखाली पाच-सहा प्रश्न. उतारा डोक्यावरून गेला की अख्खा घोस गेला.

कायद्याच्या विभागात मात्र क्लॅट सरळ आहे. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो फक्त प्रसंगाला लावायचा. सीईटीला संविधानाची कलमं आणि लॅटिन संज्ञा पाठ लागतात.

तरी क्लॅटची एक गोष्ट मला पटत नाही. चालू घडामोडींचे 28 ते 32 प्रश्न, म्हणजे पाव पेपर, उताऱ्यांखालीच येतात आणि उत्तरं बहुधा उताऱ्यात नसतातच! करार कुठे झाला, अध्यक्ष कोण, हे माहीत असेल तर असेल. मन लावून वाचणाऱ्याचीच इथे मिनिटं जातात. म्हणून आधी प्रश्न वाचा, विषय कळण्यापुरत्या दोन ओळी पाहा, पुढे सरका. विभाग 12 मिनिटांत संपवला तर वाचलेला वेळ तर्काला मिळतो. उत्तरपत्रिकेवरचे गोळे उताऱ्यागणिक रंगवा; शेवटी एकदम भरताना एक ओळ घसरली की पुढचं सगळं घसरतं.

क्लॅटला चुकीमागे पाव गुण कापतात. दोन पर्याय बाद झाले असतील तर अंदाज जरूर करावा, निव्वळ आंधळ्या अंदाजाने हाती फारसं लागत नाही. सीईटीत गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. प्रश्न मराठीतही दिसतात. मराठी संज्ञा अडली तर इंग्रजी प्रश्न पाहावा.

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठच हवं असेल तर क्लॅटला पर्याय नाही. मुंबईचं जीएलसी (शासकीय विधी महाविद्यालय) किंवा पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय चालणार असेल आणि इंग्रजी वाचनाचा वेग बेताचा असेल, तर माझा कल सीईटीकडे. क्लॅट डिसेंबरात, सीईटी उन्हाळ्याकडे. कलमांचं पाठांतर मधल्या महिन्यांत बसतं.